घर थोडं आत आलंय

१

“आणि डिपॉझिट? ते कोण भरणार, तू?” माझी मुलगी म्हणाली.

“मी भरेन.”

“कशातून? चेनी बदलून?”

“चेनी बदलूनच तुला वाढवलं. तेव्हा तुला त्यात काही कमी दिसलं नाही.”

“विषय बदलू नकोस, आई. दप्तर खाली ठेव.”

दप्तर मी खाली ठेवलं नाही. ते माझ्या खांद्यावर होतं आणि दप्तराची मालकीण, म्हणजे माझी नात, तिचं मनगट माझ्या मुठीत होतं. आम्ही दोघी दारात, मुलगी आत. दुपारचे चार वाजले होते, जिन्यात लख्ख ऊन होतं, आणि भांडण सुरू होऊन पाऊण तास झाला होता. मुलगी खोलीच्या मधोमध उभी होती. तिने हात पसरले असते तर दोन्हीकडे भिंतींना तळवे टेकले असते. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत दोन पलंग, कपाट आणि जेवणाचं टेबल मांडून वर पोरीला दोरीउड्या मारायला जागा उरली होती.

“हळू बोल जरा,” ती म्हणाली. “शेजारी ऐकतायत.”

“कोणते शेजारी? एक तरी दार उघडलं का पाऊण तासात?”

“सभ्य लोक आहेत, म्हणून नाही उघडलं.”

“सभ्य नाहीत. त्यांना उघडता येत नाही.”

तिने उसासा टाकला. मी लहान मूल असल्यासारखा. “मला एक घर दाखव,” ती म्हणाली. “एकच. या भाड्यात, या शहरात. मी आत्ता चपला घालते.”

मी हार मानणाऱ्यातली नाही, पण तसं घर नव्हतंच. मी चार महिने चपला झिजवून पाहिलं होतं.

२

माझं बाजारात आल्टरेशनचं दुकान आहे. आठ बाय दहाचं, वर पोटमाळा. कंबर सैल करणं, बाह्या आखूड करणं, चेनी बदलणं. शिवण मी कुणाकडे शिकले नाही. लोकांनी टाकलेले कोट उसवायचे, तुकडे जमिनीवर मांडायचे, आणि ते परत कसे जोडायचे ते शोधत बसायचं, अशी शिकले. वाचायलाही तशीच शिकले, पाट्यांवरून आणि पावत्यांवरून. त्यामुळे ‘अमुक गोष्ट अशीच असते’ असं कुणी म्हटलं की मी ती आधी उसवून बघते. हा गुण आहे की खोड, ते लोकांनी ठरवावं.

दोन वर्षांपूर्वी जावई दुसऱ्या शहरात, दुसऱ्या संसारात निघून गेला. मुलगी औषधांच्या एका ठोक दुकानात बिलं फाडते. तिच्या पगारात तिला आणि आठ वर्षांच्या पोरीला घर हवं होतं. पोरीचं नाव काही का असेना, मी तिला बटण म्हणते, कारण रांगत होती तेव्हा दुकानातलं एक बटण गिळून तिने आम्हाला दोन दिवस तिची लंगोटी तपासायला लावली होती.

आमचं शहर लहान. पण नवं हॉस्पिटल झालं, त्यापाठोपाठ कॉलेज झालं, आणि ज्यांच्याकडे गुरं बांधायची खोपटी होती त्यांनी ती रंगवून भाड्याने लावली. एजंट आम्हाला घरं दाखवत फिरायचा. एका घरात संडास स्वयंपाकघरातच, मध्ये फक्त प्लास्टिकचा पडदा. एका ठिकाणी बाथरूमच्या जाळीवर आधीच्या भाडेकरूच्या केसांचा मुठीएवढा गोळा, आणि एजंट तो बुटाने सरकवून म्हणतो, “पाण्याचा निचरा उत्तम आहे, आजी.” एक घर खाटकाच्या दुकानावर होतं. तिथे जमिनीला पाय चिकटत होते, आणि त्याचं भाडं माझ्या मुलीच्या पगाराहून जास्त होतं. मी त्या एजंटला विचारलं, “इथे तू राहशील का?” तो म्हणाला, “मला परवडत नाही.” निदान खरं बोलला.

मग हे घर मिळालं. तीन मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावर एक मोठी खोली, स्वयंपाकघर, स्वच्छ न्हाणीघर. मालक स्वतः दाखवायला आला. बुटका, गुबगुबीत, बूट बाहेर काढून मोज्यांवर चालणारा. किल्ली देताना त्याची बोटं माझ्या हाताला लागली, ती इतकी मऊ होती की मी हात पदराला पुसला. पण माणूस अदबीने बोलत होता.

“मी भाडं फुटावर घेतो,” तो म्हणाला. “जेवढी जागा वापराल तेवढ्याचंच. दर महिन्याला येऊन मोजतो. आमच्या वडिलांपासूनची पद्धत आहे. कुणाचा एक इंच आम्ही खाल्लेला नाही.”

“दर महिन्याला कशाला मोजायचं?” मी विचारलं. “जागा काय पळून जाणार आहे?”

तो हसला. दात लहान होते, दुधाच्या दातांसारखे. फुटाचा दर त्याने सांगितला तो बाजाराच्या निम्मा होता. मुलीने माझा हात दाबला. मला तिथेच उसवून बघायला हवं होतं. नाही बघितलं. चार महिने हिंडून पाय सुजले होते.

३

“आई, तूही ये ना इथेच,” मुलगी म्हणाली. “पोटमाळ्यावर कशाला मरतेस? तिघींना पुरून उरेल.” मी गेले. मला वाटलं, म्हातारपणी एक बरा कोपरा मिळाला.

फरशी गार लागते म्हणून मी दुकानातले जाड कापडाचे तुकडे जोडून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक सतरंजी शिवली. मापाला पक्की. भिंतीला लागून बसली, बोटभरही फट नाही. मला अभिमान वाटला. मालक पहिल्या तारखेला आला, मोज्यांवर त्या सतरंजीवरून चालला, म्हणाला, “वा, आजी, किती घट्ट बसवलीत.” मग धातूची पट्टी काढून त्याने खोली मोजली, ओठ हलवत आकडे पुटपुटला आणि पावती फाडली.

चौथ्या महिन्यात पावतीवरचा आकडा कमी होता.

“चुकलात,” मी म्हणाले.

“नाही, आजी. घर थोडं आत आलंय.”

“काय आलंय?”

“घर. थोडंसं. सगळ्यांचंच येतं.” भाजी महागली म्हणावं तसं त्याने ते सांगितलं. “आत आलेल्या जागेचं भाडं मी कसं घेऊ? ते मला पचायचं नाही.”

तो गेल्यावर मुलगी हसत सुटली. वेडा आहे, असू दे, असे वेडे सगळ्यांना मिळोत, म्हणाली. वाचलेल्या पैशांतून तिने बटणला रंगपेटी आणली. मीही हसले. पण झाडताना मला दिसलं की सतरंजीची कड भिंतीपाशी वर उचलली गेली आहे. चांगली चार बोटं उभी राहिली होती, कुत्र्याच्या कानासारखी.

“कापड ताणलं असेल वापरून,” मुलगी म्हणाली.

कापड ताणतं, हे खरं. मी कड आत दुमडली आणि टाके घातले. महिन्याभरात पुन्हा चार बोटं.

४

मला भुताखेतांचं कौतुक नाही. माझा माझ्या टेपवर विश्वास, आणि तोही आंधळा नाही. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून लांबतो, आणि लांबलेल्या टेपने मोजलं की प्रत्येक गोष्ट आहे त्याहून कमी भरते. हे न कळल्यामुळे मी पूर्वी एका गिऱ्हाइकाची अख्खी पॅन्ट घालवली आहे. म्हणून खोली इंचांनी कमी भरली तेव्हा मी टेप उचलला, दुकानात नेला आणि लोखंडी पट्टीला लावला. लांबला होता. साठ इंचांना अर्धा इंच. मला एकटीलाच हसू फुटलं. म्हटलं, म्हातारे, भिंती नाहीत, तुझा टेप सरकलाय.

मशीनवर बसले आणि मनात हिशेब फिरू लागला. साठ इंचांना अर्धा, म्हणजे दहा फुटांच्या खोलीला एक इंच. एक इंच टेपने खाल्ला. मालकाच्या पहिल्या मोजणीहून खोली सात इंचांनी कमी होती. उरलेले सहा?

संध्याकाळी जाऊन मी भिंतीशी गुडघे टेकले. फरशीची शेवटची ओळ आम्ही आलो तेव्हा पूर्ण चौकोनांची होती, ते मला आठवत होतं, कारण तो शेवटचा सांधा पुसताना मी कंटाळायचे. आता ते चौकोन अर्धे होते. कापलेले नव्हते. भिंतीखाली गेले होते. भिंत त्यांच्यावर येऊन बसली होती, सोफ्यावर जाड माणूस बसतो तशी, खालच्या कडेला जराशी फुगून.

आधीच्या कुणी तरी फोटोसाठी खिळा ठोकला होता. तोही मी पाहिला. त्याचं डोकं आत गेलं होतं आणि सभोवतीचा रंग त्याच्यावर चढला होता. जाड बोटात अंगठी रुतते आणि मांस तिच्यावरून येतं, तसा. मी नखाने दाबलं. रंगाचा पोपडा सुटला नाही. खळगा पडला, आणि मी बघत असताना तो सावकाश भरून आला.

बोटाला तेलकट लागलं. मी वास घेतला. न घ्यायला हवा होता. हाताचं प्लास्टर दीड महिन्याने कापतात तेव्हा आतून जो वास येतो, तो. घाम, मळ आणि बंद ठेवलेली कातडी. मी न्हाणीघरात जाऊन तीनदा साबणाने हात धुतला आणि जेवताना त्या हाताने जेवले नाही.

“ओल आहे,” मुलगी म्हणाली. “कुठल्या घरात नसते?”

“ओल गार असते. ही भिंत कोमट आहे.”

“मग हिवाळ्यात बरं पडेल,” ती म्हणाली आणि बिलांचा गठ्ठा पुढे ओढला. तिची काही चूक नव्हती. तिला दिवसातून चारशे बिलं करायची असत. भिंतीला हात लावून बघायला ज्याला वेळ आहे त्याचीच भिंत कोमट असते.

५

एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगते. त्या घरात मला झोप फार छान लागायची. इतकी वर्षं मी तुटक झोपणारी बाई. तिथे पडले की मेल्यासारखी. पलंग भिंतीला चिकटवलेला होता, कारण दुसरीकडे ठेवायला जागा राहिली नव्हती. टेबल आम्ही तोवर विकलं होतं. कपाटही विकलं. प्रत्येक वस्तू विकली की मुलगी म्हणायची, “किती सुटसुटीत वाटतंय.” आणि पहिल्या तारखेला आकडा आणखी कमी व्हायचा.

एका सकाळी मला जाग आली तेव्हा डावा गाल भिंतीला लागलेला होता. उठायला गेले तर गाल सुटेना. जखमेवरची पट्टी ओढावी तसा तो सुटला, तसाच आवाज करत. गालाला हात लावला. ओला, गुळगुळीत, सुरकुती नसलेला. भिंतीवर जिथे गाल होता तिथे माझ्या गालाचा खळगा होता, सुरकुत्यांसकट, आणि तो इतका बेताचा, इतका मऊ होता की पुन्हा तिथेच गाल ठेवावासा वाटला.

वाटला म्हणजे मी ठेवला. किती वेळ, ते सांगत नाही.

मग मी उठले. मी न्हाणीघरात जाऊन ओकले, आरशात बघितलं आणि त्याच दिवशी माझी वळकटी उचलून दुकानाच्या पोटमाळ्यावर परत गेले. मुलीला सांगितलं, जिना चढवत नाही. खरं सांगितलं असतं तर ती डॉक्टरकडे घेऊन गेली असती. त्या घराची किळस आली होती म्हणून मी गेले असं नाही. मला माझी किळस आली होती.

६

खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको राहतात. एकोणीस वर्षं. त्यांना मी कधी जिन्यात पाहिलं नव्हतं. मास्तरीणबाई दार वीतभर उघडून, हात बाहेर काढून कपडे द्यायच्या, मास्तरांची पॅन्ट आल्टर करायला. पहिल्यांदा म्हणाल्या, सगळीकडून दोन इंच घ्या. मी म्हटलं, कंबर ठीक आहे, पण उंचीही? त्या म्हणाल्या, हो, उंचीही.

“आजारी आहेत का मास्तर?”

“छे हो. मजेत आहेत. खाणं चांगलं आहे.”

सहा महिन्यांत तीच पॅन्ट तीनदा आली. तिसऱ्या वेळी मी ती टेबलावर पसरली आणि बघत राहिले. दहा वर्षांच्या मुलाची झाली असती. पण गुडघ्यांना जुन्या माणसाचा फुगा होता, खिशाची शिवण चष्मा कोंबून उसवली होती. मी मुलांचे कपडे शिवले आहेत, म्हाताऱ्यांचेही शिवले आहेत. हे दोन्ही नव्हतं.

ती द्यायला मी स्वतः गेले. मुद्दाम सकाळी, दहाच्या उजेडात. दार वाजवलं. आतून मास्तरांचा आवाज आला, खडूने फळ्यावर लिहिताना बोलायचे तसा स्वच्छ, “उघडंच आहे.”

मी ढकललं. दार वीतभर गेलं आणि कशाला तरी मऊशा टेकून थांबलं. मी फटीला डोळा लावला.

खोली नव्हती. बोळ होता, दोन कपाटांमध्ये असतो तेवढा. वर दिवा होता. दिव्याखाली दोन्ही भिंती चमकत होत्या, गालाची आतली बाजू चमकते तशा, गुलाबी, ओल्या, आणि मधोमध मास्तर आणि मास्तरीणबाई एकमेकांसमोर बसले होते, गुडघ्यांत गुडघे अडकवून. मास्तरांच्या अंगात राखाडी स्वेटर होता. त्याची डावी बाही मला खांद्यापासून कोपरापर्यंत दिसली. पुढे कोपर कुठे संपत होतं आणि भिंत कुठे सुरू होत होती ते माझ्या डोळ्यांना ठरवता येईना. मी शिवणारी बाई. सांधा कुठे आहे हे मला बघताक्षणी कळतं. तिथे सांधा नव्हता.

“पॅन्ट ना?” मास्तरीणबाई म्हणाल्या. मान वळवली नाही, डोळे फक्त वळले. “तिथेच ठेवा. आता लागेलसं वाटत नाही.”

“बाहेर या,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच चिरका लागला. “मी दार तोडायला माणसं आणते.”

दोघं हसले. खरंच हसले, लहान मुलाने काही बोलल्यावर हसतात तसे, आणि भिंतही त्यांच्या हसण्याबरोबर थोडी हलली.

“काय भाडं भरता तुम्ही वर?” मास्तरांनी विचारलं. मी आकडा सांगितला. कशाला सांगितला देव जाणे. मास्तर चुकचुकले. “फार आहे. आम्हाला आता जवळजवळ काहीच पडत नाही. पेन्शन सगळी तशीच राहते.” मग अगदी घरच्या अगत्याने म्हणाले, “या ना आत. बसा. होईल जागा.”

दार माझ्या हाताखालून बंद झालं. मी ओढलं नव्हतं.

७

माणसं मी आणली नाहीत. कुणाला काय सांगणार होते? दोन सज्ञान माणसं आपल्या घरात मजेत बसली आहेत, हे? वर्गणीवाला, मीटर बघणारा, पोस्टमन, सगळे त्या दाराशी जाऊन येतातच. मी दिवसभर मशीन चालवलं आणि मनात स्वतःशी घासाघीस करत राहिले, की दिवा मिणमिणता होता, माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, फट वीतभरच होती. माझी खात्री होतही आली होती.

त्या आठवड्यात शाळा सुरू व्हायची होती. बटणचा युनिफॉर्म मी मागच्या वर्षी शिवला तेव्हा खाली कापड आत दुमडून तीन बोटं दाब ठेवला होता. वाढत्या मुलांचं तसंच करायचं असतं, दर वर्षी एक बोट सोडायचं. मुलगी पोरीला दुकानात सोडून कामावर गेली. मी पोरीला युनिफॉर्म घालायला लावला आणि दाब उसवायला खाली बसले.

फ्रॉक गुडघ्याच्या खाली होता. मागच्या वर्षी मी तो गुडघ्यावर ठेवला होता.

नव्या टेपने मी तिची उंची घेतली. मग खांदे. मग बाही. मग सगळं पुन्हा. मागच्या वर्षीचं माप माझ्या वहीत होतं. दहा वर्षांची होत आलेली पोर एका वर्षात खांद्याला अर्धा इंच आणि उंचीला दोन इंच उणी. वजन होतं तेवढंच. गाल वर आलेले, तब्येत छान. हाताला लागत होती ती मात्र दाबून भरलेल्या उशीसारखी.

“तू कुठे झोपतेस गं?” मी विचारलं.

“भिंतीकडे.”

“आईकडे का नाही?”

“आईला पण भिंतीकडेच आवडतं. तिची ती बाजू, माझी ही.” तिने गुडघे पोटाशी घेऊन मला दाखवलं. “असं झोपलं ना, की छान दाबून मिळतं, आजी. शाळेत खूप मोकळं मोकळं असतं. मला नाही आवडत तिथे.”

मी तिच्या मानेवरचे केस बाजूला केले. मानेपासून कानापर्यंत कातडी गुळगुळीत, तेलकट. लव नाही, तीळ नाही. तिथे तिला जन्मापासून एक तीळ होता. मी नाक जवळ नेलं. प्लास्टरखालच्या हाताचा वास.

शटर ओढून मी तिला घेऊन इमारतीकडे निघाले. तिचे कपडे, वह्या, दप्तर उचलायचं आणि मुलीला सांगून पोरीला कायमचं पोटमाळ्यावर आणायचं. जमलं तर मुलीलाही.

८

मुलगी कामावरून लवकर आली होती. ती हल्ली लवकर यायची, आणि आली की बाहेर पडायची नाही. तिथपासून पाऊण तास, आणि मग ती म्हणाली ते, एक घर दाखव.

“घर नाही माझ्याकडे,” मी शेवटी म्हणाले. “पोटमाळा आहे. खाली मशीनचा आवाज आहे, वर पत्रा तापतो. पण पत्रा आहे तिथेच राहतो.”

“मी तिथे तीन वर्षं काढली आहेत लहानपणी. मला नको सांगूस.”

“मग तुला माहीत आहे की तिथे राहून माणूस वाढतो.”

“तेच, तेच,” ती म्हणाली. “युनिफॉर्म दोन वर्षं चालला तर बिघडलं कुठे? बुटांचे पैसे वाचले, कपड्यांचे वाचले. पहिल्यांदा माझ्या हातात महिन्याच्या शेवटी काही उरतं. आणि तू टेप घेऊन येतेस.”

“तुझी पोर आहे ती. तिची मान बघ.”

“बघितलीय. छान झालीय. माझीही झालीय.”

तिने कॉलर बाजूला करून मला दाखवली. मी पाहिली आणि नजर काढली नाही. ती माझी मुलगी. तिच्या जन्माच्या वेळी मी एकटी होते, नाळ मीच कापली, माझ्या कात्रीने. त्या मानेवरचा प्रत्येक डाग मला पाठ होता, आणि आता तिथे वाचायला काही नव्हतं.

“तूही चल,” मी म्हणाले. एवढ्या हळू मी कधीच कुणाशी बोललेली नाही. “भाडं मी देईन. दुकान विकेन. मशीन विकेन. जे घर म्हणशील ते.”

तिच्या मागची भिंत तिच्या पाठीला लागली होती. ती मागे सरकली नव्हती, हे मी दिव्यावर हात ठेवून सांगेन. तिने डोकं मागे टेकवलं, सुखाने, आणि डोळे अर्धे मिटले. मग उघडले आणि आमच्याकडे पाहिलं. आधी माझ्याकडे. माझ्या खांद्यांवरून तिची नजर इकडून तिकडे गेली, आणि तिने मला सोडून दिलं. मग पोरीकडे. पोरीकडे ती फार वेळ बघत राहिली. खांद्यापासून खांद्यापर्यंत, डोक्यापासून पायापर्यंत. ही नजर मी ओळखते. मी आयुष्यभर गिऱ्हाइकाकडे अशीच बघत आले आहे, टेप काढण्याआधी.

बटणचं मनगट माझ्या मुठीत गरम झालं. तिने आत जायला ओढ घेतली. मी घट्ट धरलं. आता मी काहीही बोलणार होते, पोलिसांचं, जावयाचं, तोंडात येईल ते. आणखी पाऊण तास भांडायची माझी तयारी होती, रात्रभर भांडायची होती, त्या दारातून हात तुटला तरी पोर सोडायची नव्हती.

त्याची गरज पडली नाही. मुलगी तिच्याकडे बघतच राहिली, मायेने बघावं तशी, आणि म्हणाली, “जा घेऊन तिला, आई, तेवढीच मला कूस बदलायला जागा होईल.”